माईकला मन नसतं: गाणं, सिनेमा आणि गेममधला आवाज कसा घडतो

भरलेल्या हॉलमध्ये पन्नास माणसं एकाच वेळी बोलत असली तरी समोरच्याचं बोलणं आपल्याला नीट कळतं. तोच प्रसंग फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. खुर्च्यांची ओढाताण, कपबशांचा खणखणाट, पंख्याची घरघर, कुणाचं तरी खोकणं, आणि या सगळ्यात ज्याच्यासाठी रेकॉर्ड केलं तो माणूस कुठेतरी बुडालेला. फोन खराब नाही. आदल्या दिवशीही कानांवर हेच सगळं पडत होतं. त्यातलं नको ते मेंदूने बाजूला सारलं, एवढंच.

कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये या क्षमतेवर प्रयोग केले. मेंदू त्यासाठी बऱ्याच गोष्टी वापरतो. डावीकडचा आवाज उजव्या कानाला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिसेकंद उशिरा पोचतो, तेवढ्यावरून त्याला दिशा कळते. ओठ दिसतात, भाषा ओळखीची असते, पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज असतो. माईकजवळ यातलं काहीच नाही. त्याच्या पडद्यावर हवेचा दाब जसा बदलेल तसा तो विजेत उतरवतो. कोणता आवाज कामाचा आणि कोणता बिनकामाचा, हे त्याला ठाऊक नसतं.

रेकॉर्डिंग, मिक्सिंग आणि साउंड डिझाइन या तीन नावांखाली जे काही चालतं, ते बहुतांशी मेंदूने आपसूक केलेली ही निवड पुन्हा हाताने करण्याचं काम आहे. गाण्यात ती एकदाच केली जाते. सिनेमात चित्राच्या संगतीने केली जाते. गेममध्ये ती दर क्षणी नव्याने व्हावी लागते, आणि ती करायला माणूस तिथे हजर नसतो.

माईक कुठे ठेवायचा

नवख्यांचा जीव माईकच्या किमतीत आणि मॉडेलमध्ये अडकलेला असतो. माझ्या मते पहिला प्रश्न अंतराचा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पण बंद खोलीत भिंतींवरून आदळून येणारा आवाज सगळीकडे साधारण सारखाच भरून राहिलेला असतो. म्हणून माईक तोंडापासून एक वीत अंतरावर असेल तर गायक जास्त आणि खोली कमी; दोन मीटरवर नेला की गायकापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते. कोरड्या रेकॉर्डिंगला नंतर हवी ती खोली देता येते. आवाजात मुरलेली खोली काढायची सॉफ्टवेअर आहेत, पण ती खोलीबरोबर आवाजाचा थोडा जीवही घेऊन जातात.

जवळ जाण्याचीही किंमत असते. एका दिशेने जास्त ऐकणारे माईक, ज्यांना कार्डिऑइड म्हणतात, तोंडाजवळ आणले की खर्ज फुगवतात. रेडिओवरच्या निवेदकाचा तो भारदस्त आवाज अर्धा त्याच्या गळ्याचा आणि अर्धा या गुणधर्माचा. गायक मान हलवत गायला लागला की मात्र हाच गुणधर्म नडतो: एक ओळ भरीव, पुढची पोकळ.

दोन माईक लावले की आणखी एक भानगड सुरू होते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. एकाच गिटारसमोर दोन माईक असतील आणि दुसरा पहिल्यापेक्षा ३४ सेंटिमीटर मागे असेल, तर त्याच्याकडे तीच लहर एक मिलिसेकंद उशिरा पोचते. ५०० हर्ट्‌झच्या सुराचं, म्हणजे सेकंदाला ५०० आवर्तनं करणाऱ्या सुराचं, एक आवर्तन दोन मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे एका माईकमध्ये लहर वर असते तेव्हा दुसऱ्यात ती नेमकी खाली. दोन्ही ट्रॅक एकत्र केले की ५०० हर्ट्‌झ जवळपास गायब. १५०० आणि २५०० चीही तीच गत, तर १००० आणि २००० दुप्पट जोरात. प्रत्येक ट्रॅक एकेकटा झकास आणि एकत्र वाजवले की गिटार पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखी, असं झालं तर बिघाड शोधत बसू नये, मोजपट्टी घ्यावी. दोन वेगळ्या वाद्यांना दोन माईक लावायचे असतील तर जुना ठोकताळा असा: माईक आपल्या वाद्यापासून जितका दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये ठेवा.

पातळीबद्दल दोनच गोष्टी. डिजिटल रेकॉर्डिंगला शून्य डेसिबल हे छत असतं. त्याच्यावर गेलेली लहर सपाट कापली जाते. बिट म्हणजे दर मोजमापाला दिलेली आकड्यांची जागा; १६ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलची जागा मिळते, २४ बिटमध्ये कागदावर १४४. त्यामुळे आता मीटर छतापर्यंत नेण्याची गरजच उरलेली नाही, भरपूर जागा राखून रेकॉर्ड करावं. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने (लहरीची मोजमापं) घेतात, सिनेमासाठी ४८,०००. माणसाला जास्तीत जास्त २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, आणि एखादी लहर पुरती पकडायला तिच्या वारंवारतेच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने पुरतात. डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो हा समज तेवढा सोडून द्यावा. स्पीकरपर्यंत पोचणारी लहर पुन्हा गुळगुळीतच असते.

मिक्स: कोण पुढे, कोण मागे

एकेकाळी सगळे वादक एका खोलीत, एका माईकभोवती उभे राहायचे आणि ज्याचा आवाज मोठा त्याला मागे सरकवायचे. मिक्स तिथेच, पायांनी व्हायचा. गिटारवादक लेस पॉल एकावर एक थर रेकॉर्ड करण्याच्या नादात होता. अँपेक्स कंपनीने त्याच्यासाठी बनवलेलं आठ ट्रॅकचं टेप मशीन १९५७ मध्ये त्याच्याकडे आलं. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर ठेवता येऊ लागलं, तसा कुणाला पुढे आणायचं हा निर्णय रेकॉर्डिंगनंतर घेता यायला लागला. मिक्सिंग हे स्वतंत्र काम झालं ते अशा यंत्रांमुळे.

फेडर, म्हणजे ट्रॅकची पातळी ठरवणारी सरकती कळ, वरखाली करणं हा त्यातला सोपा भाग. खरी अडचण अशी की जवळजवळच्या वारंवारतेचे दोन आवाज एकत्र आले की मोठा लहानाला झाकून टाकतो. गायक आणि साधी गिटार घ्या. गिटारच्या पेटीची ऊब १५० ते ३०० हर्ट्‌झच्या आसपास, गळ्याची ऊबही तिथेच. शब्द कळतात ते २ ते ४ हजार हर्ट्‌झमधल्या व्यंजनांमुळे, आणि गिटारच्या तारांवर नखी आपटते तीही त्याच पट्ट्यात. गायकाचा फेडर वर नेला की शब्द कळतात पण गाणं गायकाच्या खांद्यावर लटकल्यासारखं वाटतं. खाली आणला की शब्द बुडतात. मग इक्वलायझर, म्हणजे निवडक वारंवारता वाढवणारं-घटवणारं साधन, घेऊन गिटारमधून २५० च्या आसपास दोन-तीन डेसिबल काढायचे, ३००० जवळ थोडं खरवडायचं. गायकाला हात न लावता गायक पुढे येतो.

अशी कापलेली गिटार एकटी ऐकली तर बापुडवाणी वाटते. त्यामुळे एकेक ट्रॅक सुटा लावून सजवत बसणं हा मिक्सिंगमधला सर्वांत गोड सापळा आहे. श्रोता गिटार एकटी कधीच ऐकणार नसतो.

कॉम्प्रेसरला लोक उगाच घाबरतात. ठरवलेल्या रेषेच्या वर गेलेला आवाज तो दाबतो, बस. रेष उणे २० डेसिबलवर आणि प्रमाण ४:१ असेल, तर रेषेच्या ८ डेसिबल वर गेलेला सूर २ डेसिबलच वर राहतो. मग सगळं एकत्र उचलता येतं आणि पुटपुटलेला शब्दही ओंजळीत येतो. कौशल्य आहे ते किती लवकर दाबायचं यात. ढोलावर तो लगेच झडप घालू लागला तर थापेचा पहिला फटकाच मरतो. वीस-तीस मिलिसेकंद थांबून दाबला तर फटका सुटतो आणि मागची घुमघुम आटोक्यात येते.

रिव्हर्ब म्हणजे जागेचा आभास. गायक मोठ्या सभागृहात हवा पण तोंडासमोर उभाही हवा, तर रिव्हर्बला थोडं उशिरा सुरू करायचं. आधी कोरडा शब्द कानी पडतो, मग तीसेक मिलिसेकंदांनी सभागृह जागं होतं. मेंदू पहिल्या पोचलेल्या आवाजावरून दिशा आणि जवळीक ठरवतो, मागून येणाऱ्याला तो त्याच आवाजाचा भाग मानतो.

आता फसवणुकीबद्दल. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आपला कान सगळ्या वारंवारता सारख्या ऐकत नाही. ३-४ हजार हर्ट्‌झला तो फार हळवा, आणि आवाज बारीक केला की खर्ज त्याला सर्वांत आधी कमी पडतो. म्हणूनच आवाज मोठा केला की तेच गाणं जास्त भरदार वाटतं. कोणतंही प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये जोडायचं आवाजाचं साधन, लावल्यावर पातळी एक-दोन डेसिबल वाढली तरी ‘वा, सुधारलं’ असं वाटतं. सुधारलेलं काही नसतं. तुलना करायची तर दोन्ही सारख्या पातळीवर आणून करावी.

याच फसवणुकीपायी रेकॉर्ड कंपन्यांनी वर्षानुवर्षं गाणी दाबून दाबून मोठी केली. पुढे सरासरी जोर मोजायचं एक सामायिक माप आलं, त्याचं एकक ‘एलयूएफएस’. युरोपातल्या प्रसारकांनी २०१० मध्ये उणे २३ ची पातळी ठरवली, आणि स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ वर आणून वाजवतं. त्याहून मोठं पाठवलेलं गाणं तिथे मुकाट खाली आणलं जातं. म्हणजे दाबल्याने मिळालेला जोर गेला आणि दबलेपण तेवढं पदरात राहिलं.

सिनेमा: दिसतं त्याचा आवाज बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाचा

शूटिंगच्या वेळी साउंड रेकॉर्डिस्टचा सगळा जीव संवादात असतो. चौकटीच्या अगदी वर लांब काठीवरचा माईक, कपड्यात लपवलेला छोटा माईक, आणि चित्र-आवाजाचा मेळ बसवायला पाटीचा टाळ. याशिवाय एक विचित्र दिसणारा विधी असतो. सीन संपला की सगळ्यांना जागच्या जागी गप्प उभं करून अर्धा-एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करतात. याला रूम टोन म्हणतात. कारण संकलनात एका माणसाच्या टेकवरून दुसऱ्याच्या टेकवर उडी मारली की पाठीमागची घरघर बदलते, आणि मधला श्वास कापला तर तिथे ठार शून्य येतं. शून्य कानाला ताबडतोब खटकतं. त्या भेगांत ही रिकामी खोली भरतात.

पावलं, कपड्यांची सळसळ, टेबलावर ठेवलेला पेला, हे सगळं नंतर स्टुडिओत पडद्याकडे बघत पुन्हा केलं जातं. या कामाला फॉली म्हणतात. युनिव्हर्सल स्टुडिओत ते रुजवणाऱ्या जॅक फॉली यांच्या नावावरून. फॉली कलाकार पडद्यावरच्या नटाच्या खांद्याकडे बघत चालतो, कारण पाय बऱ्याचदा चौकटीत नसतात आणि पाऊल पडायच्या आधी खांदा हलतो. बर्फातल्या पावलांसाठी तो कॉर्नफ्लोअरने भरलेली चामडी पिशवी दाबतो. हाड मोडायचं असेल तर सेलरी या भाजीची जुडी पिळतो. खरं हाड माईकला फारसं काही देत नाही. प्रेक्षकाच्या मनात हाड मोडण्याचा जो आवाज असतो, तो सेलरीत सापडतो.

पावलं सेटवर रेकॉर्ड झालेली असताना पुन्हा का करायची? पहिलं कारण, ती संवादाच्या माईकमध्ये लांबून आलेली असतात. दुसरं कारण धंद्याचं. सिनेमा दुसऱ्या भाषेत डब करायचा तर संवादाचा ट्रॅक काढून टाकावा लागतो, आणि त्याच्याबरोबर त्यात मिसळलेली पावलं, दारं, पेले सगळं जातं. म्हणून संगीत आणि इफेक्ट यांचा, संवाद सोडून परिपूर्ण असा वेगळा ट्रॅक निर्मात्याला द्यावाच लागतो.

जे जगात नाहीच त्याचा आवाज कुठून आणायचा? १९३३ च्या ‘किंग काँग’साठी मरी स्पिव्हॅक यांनी सिंह आणि वाघाच्या डरकाळ्या घेतल्या, त्यांचा वेग कमी केला आणि एक उलटी फिरवून दुसरीत मिसळली. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या प्रकाशाच्या तलवारीची गुणगुण बेन बर्ट यांनी सिनेमा प्रोजेक्टरच्या मोटरमधून आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ माईक नेल्यावर आलेल्या खरखरीतून बनवली. मग ती स्पीकरवर वाजवत ठेवली आणि माईक हातात धरून हवेत फिरवला. तलवार फिरते तेव्हा जो सूर वरखाली होतो तो खरोखरच फिरणाऱ्या माईकचा आहे. इथे कॉम्प्युटर नाही. मला ही युक्ती आजही कुठल्याही प्लगइनपेक्षा देखणी वाटते.

मग शेवटचा मिक्स. संवाद, संगीत आणि इफेक्ट अशी तीन घराणी टेबलाशी येतात आणि तिघांनाही पुढेच बसायचं असतं. सिनेमाचे संकलक आणि साउंड डिझायनर वॉल्टर मर्च यांनी या बाबतीत एक निरीक्षण नोंदवलंय. एका माणसाची पावलं पायाशी तंतोतंत जुळवावी लागतात, दोघांचीही जुळवावी लागतात. तिसरा माणूस आला की मेंदू मोजदाद सोडतो आणि ‘जमाव चाललाय’ एवढंच ऐकतो. मग एखादं पाऊल चुकलं तरी कुणाला कळत नाही. वेगवेगळ्या आवाजांच्या थरांनाही ते हाच हिशेब लावतात. म्हणून पाऊस, संवाद, गाडी आणि व्हायोलिन एकदम वाजायला लागले की चांगला मिक्सर हळूच पाऊस मागे घेतो. पडद्यावर तो पडतच असतो. कुणी तक्रार करत नाही, कारण आपला मेंदूही खऱ्या पावसाचं दोन मिनिटांत हेच करतो.

घरी सिनेमा बघताना संवाद ऐकू येत नाहीत आणि स्फोटाला शेजारी जागे होतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. थिएटरमधला मिक्स शांत, मोठ्या जागेत आणि ठरलेल्या मोठ्या पातळीवर केलेला असतो. संवादासाठी पडद्यामागे मधोमध स्वतंत्र स्पीकर असतो. घरी तोच मिक्स टीव्हीच्या पाठीला चिकटलेल्या दोन चपट्या स्पीकरमध्ये कोंबला जातो, आणि आपण आवाज कमी ठेवतो. नेटफ्लिक्सने यासाठी सरासरी जोर संवादावर मोजून उणे २७ ला ठेवायचा नियम केलाय. तरीही माझं मत असं की घरासाठी वेगळा मिक्स करण्याला पर्याय नाही, आणि त्याला वेळ न देणं ही निव्वळ काटकसर आहे.

२०१२ मध्ये आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसने एक वेगळीच सोय केली. हेलिकॉप्टर कोणत्या स्पीकरमधून वाजवायचं हे आता लिहावं लागत नाही. ते खोलीत कुठे आहे एवढं आवाजासोबत नोंदवतात, आणि थिएटरमधलं यंत्र तिथल्या स्पीकरांप्रमाणे हिशेब करतं. म्हणजे मिक्सचा काही भाग वाजवण्याच्या क्षणी ठरायला लागला. गेमवाल्यांना यात नवल वाटलं नसेल.

गेम: मिक्स करणारा खोलीत नाही

सिनेमात स्फोट कितव्या मिनिटाला होणार हे ठाऊक असतं. गेममध्ये खेळणारा त्या दाराशी पाच मिनिटं रेंगाळू शकतो, किंवा एकाच वेळी सहा स्फोट घडवू शकतो. त्यामुळे तयार मिक्स देताच येत नाही, मिक्सचे नियम द्यावे लागतात. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये १९७८ सालीच चार सुरांची एक धून होती, शत्रू कमी होत जातील आणि वेग घेतील तशी तीही वेग घ्यायची.

निन्टेन्डोच्या आठ बिटच्या यंत्रात आवाजाच्या पाचच वाटा होत्या. उडी मारली, नाणं मिळालं, की त्या आवाजासाठी संगीतातला एखादा सूर क्षणभर गिळला जायचा. कुणाला पुढे आणायचं याचा हा सर्वांत ओबडधोबड निर्णय, पण निर्णय तोच.

आता जागा भरपूर आहे आणि संकट उलटं आहे. साधं पाऊल घ्या. समजा आठ प्रकारची जमीन, चालणं-धावणं-उतरणं अशा तीन तऱ्हा आणि प्रत्येकाची सहा रेकॉर्डिंग. १४४ फाइली झाल्या, त्याही एकाच प्रकारच्या बुटाच्या. सहा कशाला? एकच पाऊल सारखं वाजवलं तर दहाव्या पावलाला कान ओळखतो की हे यंत्र आहे. म्हणून एफमॉड किंवा वाइजसारखी गेममध्ये आवाज बसवायची सॉफ्टवेअर साधनं दर वेळी वेगळं रेकॉर्डिंग निवडतात, त्याचा सूर आणि जोर किंचित हलवतात. मध्ये भिंत आली तर वरच्या वारंवारता कापून आवाज बोथट करतात, कारण भिंतीतून खर्ज जातो आणि उंच सुराचे आवाज अडकतात.

तरीही युद्धाच्या दृश्यात शेकडो आवाज एकदम हक्क सांगतात. तिथे प्रत्येक आवाजाला आधीच अग्रक्रम दिलेला असतो. मर्यादा संपली की तळाचे वाजतच नाहीत. २००८ च्या ‘बॅटलफील्ड: बॅड कंपनी’त याहून पुढची युक्ती वापरली गेली. प्रत्येक आवाजाला खऱ्या जगातल्यासारखी पातळी द्यायची आणि यंत्राने एक खिडकी फिरती ठेवायची. जवळ रणगाडा धडाडला की खिडकी वर सरकते आणि तिच्याखाली राहिलेली पावलं, पक्षी, वारा गप्प होतात. धडाडा विरला की खिडकी खाली येते आणि पक्षी परततात.

संगीतालाही हीच सक्ती. लुकासआर्ट्‌स या गेम कंपनीच्या मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी बनवलेली आयम्यूज ही प्रणाली १९९१ च्या ‘मंकी आयलंड २’मध्ये पहिल्यांदा वापरली गेली. खेळणारा दुसऱ्या जागी गेला की धून तिथल्या तिथे न तुटता, तालाच्या योग्य जागी वळण घेत दुसऱ्या धुनेत शिरायची. आता दुसरी रीतही सर्रास आहे: एकाच धुनेचे थर वेगळे ठेवायचे आणि धोका वाढेल तसा आधी ढोल, मग ब्रास (पितळी फुंकवाद्यं) उघडायचे. संगीतकाराला ती धून कोणत्याही थरासकट आणि थराविना उभी राहील अशी रचावी लागते. हे काम भलतंच अवघड आहे.

जोर मोजण्याचाही घोळ होतो, कारण गेमची ठरलेली लांबी नसते. सोनीने आपल्या कन्सोलसाठी उणे २४ ची पातळी सुचवली आणि निदान अर्धा तास खऱ्या खेळाचं मोजमाप घ्यायला सांगितलं.

हेडफोनवर मागून येणारा शत्रू मागूनच ऐकू यावा यासाठी आणखी एक हिशेब लागतो. कानाच्या पाळीच्या वळ्या आणि डोक्याचा आकार यांमुळे प्रत्येक दिशेचा आवाज थोडा वेगळा गाळला जातो, आणि मेंदू जन्मभर त्याच गाळणीवरून पुढचं-मागचं ओळखत आलेला असतो. गेम ती गाळणी गणिताने लावतो. पण ती बहुधा दुसऱ्याच कुणाच्या कानांवरून मोजलेली असते, म्हणून काहींना मागचा शत्रू पुढे ऐकू येतो आणि ते नाहक मारले जातात. प्लेस्टेशन ५ मध्ये सुरुवातीला यासाठी पाच पर्याय दिले होते. सेटिंग्जमध्ये जाऊन चाचणीचा आवाज कानाच्या बरोबर उंचीवर वाटेपर्यंत एकेक ऐकून बघायचा, आणि जो बसेल तो ठेवायचा.